लुलूचे केस परत येईपर्यंत

पॉमेरेनियन (पॉम) जातीचं कुत्रं म्हटलं की जो केसाळ गुबगुबीत गोळा डोळ्यासमोर येतो, तशी लुलू आमच्याकडे आली तेव्हा अजिबात नव्हती. फोंड्याजवळ आमचं गाव. शेजारचं कुटुंब पोर्तुगीज पासपोर्टवर परदेशी गेलं आणि तीन वर्षांची ही कुत्री आमच्याकडे राहिली. गोव्यात हे आता किती घरांत झालंय, माणसं जातात आणि म्हातारी माणसं, बंद घर आणि कुत्रं मागे राहतं. जायच्या आधी एप्रिलचा उकाडा होता म्हणून त्यांनी तिला एका पार्लरमध्ये नेऊन मशीनने अगदी कातडीपर्यंत केस काढून घेतले होते. तोंडाभोवती, पंजांना आणि शेपटीला तेवढे केस, बाकी सगळं अंग उघडं, पाठीवर काळपट डाग. रस्त्याने नेली की लोक विचारायचे, हिला खरूज झालीय का?

त्यांनी हे मायेनेच केलं होतं, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण दर उन्हाळ्यात इथे कितीतरी पॉमचं हेच होतं, म्हणून लुलूचे केस परत येईपर्यंतचं सगळं लिहून ठेवतेय, कोणाला तरी उपयोग होईल.

पॉमच्या अंगावर दोन थर असतात. आतला मऊ, दाट, कापसासारखा आणि वरचा लांब, सरळ, जरा राठ. वरचा थर ऊन आणि पाणी अडवतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येतच नाही, ते जीभ बाहेर काढून धापा टाकत थंड होतं, त्यामुळे केस काढले की कुत्रं गार होईल हा हिशोबच जुळत नाही, उलट उघड्या कातडीला ऊन भाजतं. आतला सुटलेला लोकरीसारखा केस ब्रशने नीट काढून टाकला की वारा कातडीपर्यंत पोचतो, उन्हाळ्यासाठी खरं तेवढंच करायचं असतं. पूर्ण भादरल्यावर काही पॉमचे केस नीट येतात, काहींचा आतलाच थर आधी वाढतो आणि वरचा महिनोन्महिने येत नाही, काहींना मधे मधे टक्कल राहून जातं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, वर्ष लागेल, कदाचित जास्त, आणि कुठलंही तेल चोळू नका.

तेलाचं मुद्दाम सांगितलं कारण गावात प्रत्येकाकडे एक तेल होतं. खोबरेल, करंजाचं, कडुलिंबाचं, कोणी तर म्हणालं गंधक घालून लावा. आमच्या सासूबाईंनी बाटली काढूनही ठेवली होती. डॉक्टरांनी आधी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, किडे किंवा बुरशी नाही ना म्हणून, मग रक्त काढून थायरॉईड बघितलं, कारण पॉममध्ये केस जायची दुसरीही कारणं असतात. एक तर अलोपेशिया एक्स म्हणून प्रकार आहे ज्यात खाज नाही काही नाही पण केस जातात आणि कातडी काळी पडते, या जातीत तो बऱ्यापैकी दिसतो. हे सगळं तपासून बाजूला ठेवल्यावरच ते म्हणाले की मशीनमुळे झालेलं असावं, वाट बघू. मला ही पद्धत पटली. केस गेलेले दिसले की थेट औषध सुरू करणारेही भेटतात, त्यांच्यापासून जपा.

केस नव्हते त्याचा एक फायदा मात्र झाला. कुत्री कशी आहे ते दिसलं. फासळ्यांवरून बोट फिरवलं तर फासळी लागतच नव्हती. वजन भरलं 4.6 किलो. केस असते तर सगळ्यांनी तिला गुबगुबीत म्हणून मांडीवर घेतलं असतं आणि विषय संपला असता. पॉमच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, या केसांखाली सगळं लपतं, वजन लपतं, ओल लपते, गोचीड लपते, म्हणून नुसतं बघायचं नाही, रोज हात घालून चाचपायचं.

इथे एक सांगायला हवं. आपल्याकडे ज्याला लोक पामेरियन म्हणत आले ते बऱ्याच वेळा इंडियन स्पिट्झ असतं. माझ्या माहेरी पांढरा होता तोही तसाच, लांब तोंडाचा, चांगला उंच, आम्ही त्याला पामेरियनच म्हणायचो. स्पिट्झ मोठा, काटक, आपल्या हवेत रुळलेला. खरा पॉम दीड ते साधारण सव्वातीन किलोचा, तोंड आखूड, कान बारीक, हाडं अगदी नाजूक. दोघांना एकच खाणं आणि एकच वागणूक दिली तर पॉमचे हाल होतात. लुलूची चण जरा मोठी आहे म्हणून डॉक्टरांनी 3.4 वर आणू म्हटलं, तेही सावकाश, आठवड्याला एक-दोन टक्क्यांनी.

हे कुत्रं इतकं लहान मुळात नव्हतंच. बाल्टिक समुद्राकाठचा पोमेरानिया, आता पोलंड आणि जर्मनीत विभागलेला, तिथून नाव आलं, आणि पूर्वज उत्तरेच्या थंडीतली मोठी स्पिट्झ कुत्री. राणी व्हिक्टोरियाने 1888 साली फ्लोरेन्सहून मार्को नावाचा पॉम आणला, तो पाच किलोच्या पुढचा असूनही त्या काळी लहान समजला गेला, आणि मग लहानात लहान कुत्र्याची फॅशन आली. अंग लहान करत नेलं पण दात 42 च राहिले, ते एवढ्याशा जबड्यात दाटीवाटीने बसतात. गुडघ्याची वाटी सरकणं, श्वासनळी मऊ पडणं, दात लवकर खराब होणं ही दुखणी छोट्या जातींत जास्त दिसतात, आणि लुलूकडे थोडी थोडी तिन्ही निघाली.

आधी खाण्याचं. ती आली तेव्हा चहाबरोबर बिस्किटं, पावाचा मऊ भाग, हुमणाचा, म्हणजे माशांच्या आमटीचा, रस घातलेलं शीत (भात) असं खायची. या वजनाच्या पॉमला दिवसाला साधारण दोनशे-सव्वादोनशे कॅलरी पुरतात आणि एका मारी बिस्किटात 25 च्या आसपास असतात, म्हणजे चार बिस्किटं दिली की जवळजवळ अर्धं जेवण झालं. हे मी सासूबाईंना बिस्किटं ताटलीत मांडूनच दाखवलं. त्यांना फार वाईट वाटलं, कारण त्यांच्या हातून काही खाल्लं नाही की कुत्रं उपाशी आहे असंच त्यांना वाटतं. मग आम्ही ठरवलं, आईंनीच भरवायचं पण दुधी, काकडी, उकडलेला लाल भोपळा, नखाएवढे तुकडे. मुख्य खाणं लहान जातीचं कोरडं फूड, वजन काट्यावर मोजून, दोन वेळा. आठवड्यातून कधीतरी उकडलेला बांगडा, मीठ-मसाला काही नाही, काटे काढण्याचं काम आईंचं, त्या डोळे मिटून काटे काढतात. आता दुपारी दोघी सोप्यावर बसतात, एक भोपळा कापते आणि एक वाट बघते.

कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं अजिबात नाही. मनुकाही नाही, आणि हे गोव्यात लक्षात ठेवायलाच हवं कारण चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पंचखाद्यात मनुका आणि नाताळात शेजारून येणाऱ्या केकमध्येही मनुका. साडेतीन किलोच्या कुत्र्याला थोड्या मनुकांनी मूत्रपिंडाला धोका होतो. नाताळात केकचा डबा फ्रिजच्या वर ठेवतो आणि येणाऱ्या पोरांना दारातच सांगतो.

आता पदेराची गोष्ट. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों पों करत येतो, इथल्या सगळ्यांची सकाळ त्याच आवाजाने होते. लुलू तो आवाज लांबून ऐकायची आणि गेटकडे झेपावायची, गळ्यात पट्टा, पट्ट्याला दोरी, जोराने ओढायची आणि भुंकता भुंकता एकदम थांबून मान पुढे काढून खोकायला लागायची. खोकल्याचा आवाज विचित्र, बदक ओरडल्यासारखा. पहिल्या वेळी वाटलं घशात काहीतरी अडकलं. मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवला (हे नक्की करा, दवाखान्यात गेल्यावर कुत्रं कधीच खोकत नाही), एक्स-रे झाला आणि श्वासनळी थोडी चपटी होतेय असं निघालं. श्वासनळीला कूर्चेच्या कड्या असतात, त्या सैल पडल्या की दाब आला, ओढ बसली, उत्तेजित झालं की नळी दबते आणि तो आवाज येतो. लठ्ठपणात जास्त. उपाय त्या टप्प्यावर साधे होते, गळ्याचा पट्टा त्याच दिवशी काढला, छातीवरून जाणारा हार्नेस आणला, वजन उतरवायचं, घरात धूप-अगरबत्ती आणि डासांची कॉइल तिच्या खोलीत नाही. देवाजवळ उदबत्ती लावली की लुलू मागच्या पडवीत.

पण मूळ प्रश्न भुंकण्याचा होता. पॉम भुंकणारच, कोणी आलं गेलं की सांगणं हे त्याला आपलं काम वाटतं, आणि आपण लहान आहोत हे त्याला माहीतच नसतं, गल्लीतल्या मोठ्या कुत्र्यावरसुद्धा धावून जातं. त्याला ओरडलं तर त्याला वाटतं आपणही सोबत भुंकतोय. आम्ही काय केलं, पदेराचा पों लांबून ऐकू आला, अगदी वरच्या वळणावर असतानाच, की मी स्वयंपाकघरातल्या चटईवर काकडीचे तुकडे टाकायचे. रोज, न चुकता. सुरुवातीला ती तुकडे टाकून गेटकडे धावायची. मग एक तुकडा उचलून धावायची. हळूहळू असं झालं की पों ऐकलं की तीच चटईवर येऊन बसते आणि माझ्या तोंडाकडे बघते. आमच्या पदेराला हे सगळं माहितीये, तो आता वळणावर जरा जास्त वेळ वाजवतो आणि गेटाशी आला की गप्प.

गुडघ्याचं थोडक्यात. चालता चालता ती मागचा एक पाय उचलून दोन-तीन पावलं उड्या मारायची आणि परत नीट चालायची, बघणाऱ्याला नाचतेय असं वाटायचं. वाटी सरकते, दुसरी ग्रेड. चार ग्रेड असतात, वरच्यांना ऑपरेशन लागतं, हिला नाही लागलं. फरशीवर रबराच्या चटया घातल्या कारण पावसात आमच्या फरश्या ओलसर राहतात आणि पाय फाकतो. सोप्यावरून उडी बंद, तिथे लाकडी पायरी करून घेतली. पायाच्या तळव्यातले केस कापायचे, नाहीतर घसरते. वजन उतरल्यावर तो पाय उचलणं खूपच कमी झालं.

आणि मग आला पाऊस. आतला थर जूनपासून उगवायला लागला, मऊ, फिकट, सावरीच्या बोंडासारखा. नेमकं गोव्यात तेव्हाच सगळं ओलं, भिंतीला पाणी सुटतं, कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. अशा हवेत दाट केसाखाली ओल राहिली की दोन दिवसांत आंबट वास येतो, तो यीस्टचा. नाहीतर लाल, ओला, चिकट चट्टा पडतो, कुत्रं चाटत राहतं आणि रात्रीत तो हाताएवढा होतो. म्हणून पावसात अंघोळ कमी, तीन-चार आठवड्यांतून एकदा, कुत्र्यांच्याच शाम्पूने, आणि अंघोळीपेक्षा वाळवण्याला जास्त वेळ. आधी टॉवेलने टिपायचं, चोळायचं नाही, चोळलं की गाठी. मग ड्रायर कमी गरम ठेवून, डाव्या हाताने केस उलटे करत, कातडी दिसेल इतकं, तिथे वारा. वरून कोरडं वाटतं आणि काखेत, कानामागे, मांडीच्या मागच्या बाजूला ओलं असतं. मी शेवटी गाल तिच्या कातडीला लावून बघते, बोटांना ओल कळत नाही, गालाला लगेच गार लागतं.

आमच्याकडे पावसात वीज जाते हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे आकाशाकडे बघून अंघोळ ठरते, वीज सकाळपासून नीट आहे, वारा नाही, तरच. फिरून आल्यावर फक्त पोट आणि पाय धुतो आणि बोटांच्या मधे सुती कपड्याने टिपतो.

ब्रश करायची पण पद्धत आहे. कोरड्या केसावर ब्रश ओढला की वरचे केस तुटतात, म्हणून स्प्रेने अगदी हलकं दव मारल्यासारखं पाणी मारायचं. केसांचा भांग पाडायचा, कातडीची पांढरी रेघ दिसली पाहिजे, त्या रेघेपासून बाहेर थोडे थोडे केस ब्रश करायचे, मग अर्ध्या इंचावर दुसरी रेघ. असं अख्ख्या अंगाला. शेवटी लोखंडी कंगवा मुळापासून फिरवायचा, कंगवा अडला तिथे गाठ. गाठ बोटांनी सोडवायची, कात्री नाही, गाठीत कातडी ओढलेली असते आणि कात्रीने कापली जाते. संध्याकाळी दिवा लावून झाला की मी हे करते, आठवड्यातून तीन-चार वेळा. लुलू आधी हात चावायला यायची, पार्लरच्या मशीनची भीती असणार, म्हणून सुरुवातीला नुसता ब्रश जवळ ठेवायचा आणि भोपळा द्यायचा, मग एक हात, मग पाठ. आता ती झोपून जाते.

गोचिडीसाठी महिन्याला चघळायची गोळी, वजनाप्रमाणे डॉक्टरांनी दिलेली. पण ती गोळी चावलेल्या गोचिडीला मारते, चावणं थांबवत नाही. श्रावणात लुलू एकदम मलूल झाली, खाणं सोडलं, अंग तापलेलं, हिरड्या फिकट. पुढच्या पायाच्या दोन बोटांच्या मधे, केसांत, मसुरीएवढी गोचीड सापडली. रक्तात प्लेटलेट खूप उतरलेल्या, एर्लिकिया, ज्याला सगळे टिक फीव्हर म्हणतात. डॉक्सीसायक्लिन 28 दिवस. तिसऱ्या दिवशी उठून भोपळा खाल्ला पण औषध पूर्ण 28 दिवस दिलं, मधे बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. तेव्हापासून फिरून आल्यावर कानाच्या आत, काखेत, बोटांत, शेपटीखाली हात फिरवल्याशिवाय तिला घरात सोडत नाही. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीला लागून पकडून सरळ ओढायची, रॉकेल ओतायचं नाही, नखाने चिरडायची नाही.

पावसात अंधार पडल्यावर अंगणात मोकळं सोडत नाही, बेडूक-भेक तोंडात धरले की तोंडाला फेस येतो आणि एवढ्या लहान कुत्र्याच्या जिवावर बेततं. सापांचं तर सांगायलाच नको.

लसी सगळ्या वेळेवर, लेप्टोचीसुद्धा (लेप्टोस्पायरोसिस हा आजार), साचलेल्या पाण्यात उंदराच्या लघवीतून तो येतो. रेबीजच्या बाबतीत आपल्या गोव्याने खरंच मोठं काम केलंय, 2014 पासून मिशन रेबीज या संस्थेची माणसं जाळी घेऊन गावोगाव फिरून रस्त्यावरच्या कुत्र्यांना लस देतात आणि 2021 साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. पण म्हणून घरातल्या कुत्र्याची लस चुकवायची नाही, ते यश दरवर्षी टोचत राहिल्यामुळेच आहे.

दातांचं काम दिवाळीनंतर केलं, मुद्दाम वजन उतरेपर्यंत थांबलो, कारण भूल द्यायची आणि श्वासनळी अशी. दगडासारखं किटण काढलं, हलणारे दोन दात काढले, आणि दुधाचा एक दात पक्क्याच्या शेजारी तसाच राहिला होता तोही. आता रोज रात्री कुत्र्यांच्या पेस्टने ब्रश, माणसाची पेस्ट नाही, ती गिळायची नसते.

चवथीचे फटाके आणि नरकासुराच्या रात्रीचे डीजे ही या सगळ्यांत माझी खरी चिंता होती. आतली खिडकी नसलेली खोली, पंखा जोरात, जुनी चादर आणि आई सोबत बसलेल्या. थरथरली, पण खोकला आला नाही.

डिसेंबरमध्ये वरचे केस दिसायला लागले. आधी मानेवर, मग खांद्यावर, लालसर नारंगी, हाताला राठ लागणारे. आईंनीच आधी ओळखले, म्हणाल्या, आज हिचे केस वेगळे लागतात गं. शिगम्यापर्यंत (होळीच्या सुमारास) पाठ भरली. शेपटीच्या मुळाशी हाताच्या पंजाएवढा एक पट्टा अजून विरळ आहे, कातडी तिथे काळसर आहे, डॉक्टर म्हणतात तो भरेल किंवा नाही भरणार, तिला त्याचा त्रास नाही. वजन 3.4 वर टिकलंय. शेजाऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर बघितली तेव्हा त्यांची मुलगी रडली.

या एप्रिलमध्ये उकाडा तसाच होता. केसांना मशीन लावली नाही. रोज ब्रश करून आतला सुटलेला केस काढला, पिशवी भरून निघाला. फिरायला सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी डांबर निवल्यावर, दुपारी भिजवून पिळलेल्या टॉवेलवर झोप, पाणी तीन ठिकाणी. दमट हवेत धापांचा उपयोग कमी होतो, म्हणून हिरड्या गडद लाल दिसल्या किंवा लाळ चिकट झाली तर थांबायचं नाही, अंगावर साधं पाणी घालत, वारा देत थेट दवाखाना, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

पावसाआधीची तयारी झालीय. इन्व्हर्टरवर ड्रायर चालत नाही म्हणून छोटा टेबलफॅन आणला, सुती टॉवेल जास्तीचे, हार्नेस दोन म्हणजे एक ओला असला तर दुसरा. गोळीची तारीख कॅलेंडरवर संकष्टीच्या खाली लिहिलीय, आईंचं लक्ष तिथे जातंच.